चूक कोइंबतूरच्या बाजूनं होती, मामाजी

मामाजी,

तुमच्या राउटरला कोणी हात लावलेला नाही. आधी हे सांगून टाकतो, कारण तुम्हाला त्याचीच काळजी असेल. तेरवीच्या दिवशी बैठकीत पाहुणे मावत नव्हते, तेव्हा कोणीतरी कोनाड्यात चटई ठेवायला गेलं अन् म्हणालं, "हा डबा आता कोण वापरते? काढा तो." मामींनी तिथूनच आवाज दिला, "राहू द्या त्याले. त्याईनं अर्ज करून आणलेलं नेट हाय ते." चटई दुसरीकडं गेली. हिरवा दिवा लुकलुकत राहिला, तुमच्या फोटोपुढच्या समईपेक्षा जरा घाईनं.

तुमच्या शेवटच्या दिवशी आम्ही पोहोचू शकलो नाही. कोइंबतूरहून इंझोरीला यायला दोन गाड्या अन् कारंज्यापासून एसटी. तुमच्या शीतलनं सगळा रस्ता लेकराला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहिलं अन् मी सगळा रस्ता हिशेब लावत राहिलो की मी तुम्हाला शेवटचं काय बोललो होतो. तो हिशेब चांगला निघाला नाही. म्हणून हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. किती जास्त माहीत होतं, ते मला तेरवीला कळलं.

आपण दोघं बोलायला लागलो तेच मुळी क्रिकेटमुळे, आणि तेही टीव्हीवरच्या खोट्या क्रिकेटमुळे. शीतल बाळंतपणाला इंझोरीला होती, मी पंधरा दिवसांची सुटी काढून आलो होतो. सासुरवाडीला जवाई म्हणजे पाटावर बसवलेला गणपती. मला पाण्याचा गिलास उठून घेऊ देत नव्हते. अंगणातली खाट उचलायला गेलो तर मामी धावत आल्या, "ठेवा जी, ठेवा, लोक काय म्हणतीन?" मी ठेवली. मग आपण दोघं समोरासमोर बसायचो. तुम्ही रिठदच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेले गुरुजी. अन् मी, मध्यस्थानं लग्न जमवताना सांगितल्याप्रमाणे, "दहावी पास, पुढचं राहून गेलं" असा मुलगा. तुम्ही चहा संपवून दर वेळी एकच विचारायचे, "मंग बारावीचं काय, जवाईबुवा?" मी म्हणायचो, "कामातून वेळ नाही भेटत जी." अन् घाईनं विषय बदलायचो.

कारण मी दहावी पास नव्हतोच. दहावीच्या वर्गाची पायरीही चढलो नव्हतो. मध्यस्थ बोलला तेव्हा मी गप्प राहिलो, मान खाली घातली, अन् ती खाली घातलेली मान तुमच्या घरात कधी पुरती वर केली नाही. मला भीती वाटायची की एखाद्या दिवशी तुम्ही पाटी-पेन्सिल पुढं कराल अन् म्हणाल, हे समीकरण सोडवा बरं.

पाचव्या दिवशी मी बॅगेतून गेमचा कन्सोल काढला. माझ्या एका गिऱ्हाईकानं नवा घेतला, तेव्हा जुना मला दिला होता. मी घरोघर इंटरनेटच्या वायरी ओढणारा माणूस, असलं काही ना काही हाती लागतं. टीव्हीला जोडला, क्रिकेट लावलं, एक रिमोट तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा पुसला. पहिल्या तीन चेंडूंत तीनदा आऊट.

"हे बटन म्हंजे बॅट ना?"

"हो जी."

"मंग पाय कोणतं?"

"पायाचं बटन नाही मामाजी."

"पाय नाही अन् एलबीडब्लू देते! काय बेइमान खेळ हाय बाप्पा!"

मामी स्वयंपाकघरातून हसल्या. शीतल बाजेवर उठून बसली. त्या दिवसापासून तुम्ही मला बारावीचं विचारलं नाही, निदान बाकीचे दहा दिवस तरी. निघताना मी कन्सोल तिथंच ठेवला. मामी नाराज झाल्या, जवायाकडून वस्तू घेतात का कोणी? तुम्ही तोडगा काढला, "घेतला नाही. त्याईचा हाय, आपल्या घरी ठेवला हाय."

मग रविवार सुरू झाले. सकाळी दहा वाजता तुम्ही इंझोरीत, मी कोइंबतूरला. पहिल्या रविवारी काहीच चाललं नाही. कन्सोलच्या सेटिंगमध्ये नेटची एक तपासणी असते. बाहेरच्या कन्सोलला तुमच्या घरात किती येऊ देतात ते ती सांगते: खुलं, मधलं की कडक. तुमचं कडक आलं. दोघांकडे खुलं असेल तर दोन घरं थेट बोलतात, सामना रंगतो. कडक असलं की दारावरची माणसं एकमेकांना परत पाठवतात. तुम्ही ते तिन्ही इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ एका कागदाच्या पट्टीवर लिहून टीव्हीखाली चिकटवले, जसे वर्गात सूत्र चिकटवायचे.

मी फोनवर सांगायचो, तुम्ही दोनशे पानी वहीत लिहायचे. घरातले सगळे पत्ते १९२.१६८ नं सुरू होतात. त्यातला एक पत्ता कन्सोलच्या नावानं कायमचा राखून ठेवायचा, नाही तर राउटर आज एकाला देतो अन् उद्या दुसऱ्याला. मग त्या पत्त्यासाठी राउटरमध्ये ठरावीक दारं उघडी करायची. अन् बाहेरच्या बाजूला आपल्या घराचा स्वतःचा पत्ता पाहिजे. तुमच्या नेटवाल्यानं पुष्कळ घरांत मिळून एकच दिला होता. मी म्हटलं, कंपनीला फोन करून पक्का पत्ता मागा.

तुम्ही फोन केला नाही. तुम्ही अर्ज लिहिला. "विषय: आमच्या इंटरनेट जोडणीस पक्का पत्ता मिळणेबाबत." खाली महोदय, खाली उपरोक्त विषयान्वये, सोबत आधारची झेरॉक्स. कारंज्याच्या ऑफिसात स्वतः जाऊन दिला अन् दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिथला मुलगा म्हणे तुम्हाला विचारत होता, गुरुजी, काय काम हाय एवढं? तुम्ही सांगितलं, "जवायाची बॅटिंग हाय रविवारी."

त्या रविवारी खुलं आलं. माझ्या आयुष्यात मला कोणी गुरुजींनी "शाब्बास" म्हटलेलं नव्हतं, ते तुम्ही हेडफोनमधून म्हटलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो, मग टॉस केला.

वर्षभर काय दिवस होते! समोरासमोर तुम्ही मला "तुमी, जी, या बसा" करायचे. हेडफोन कानाला लावला की तो सगळा मान गळून पडायचा. "मारा ना आता! पिचवर काय सोयाबीन पेरून राह्यले काय?" मला ते फार आवडायचं. घरच्या पोराला रागावल्यासारखं वाटायचं. दोन षटकांच्या मध्ये तुम्ही रिठदच्या गोष्टी सांगायचे, सायकलवरून शाळेत जातानाच्या, गणिताला घाबरून कपाशीत लपलेल्या पोरांच्या. एकदा म्हणाले, "जे पोट्टे लपत होते ना, त्यायले गणित येत नव्हतं असं नाही जी. त्यायले कोणी दुसऱ्यांदा सांगतलं नव्हतं." मी तो चेंडू सोडला. क्लीन बोल्ड झालो.

दिवाळीनंतर आम्ही खोली बदलली अन् तिथून सगळं बिघडलं. सामना सुरू व्हायचा, तिसऱ्या चेंडूला तुटायचा. कधी तुमचा आवाज यायचा, माझा जायचा नाही. मी तपासणी केली तर माझ्याकडे कडक. तुम्ही केली तर तुमच्याकडे खुलं. आता कोणी शहाणा असता तर त्याला तिथंच कळलं असतं. पण मी रोज लोकांच्या घरचं नेट नीट करणारा माणूस. मी म्हटलं, तुमच्याकडून नीट येत नाही म्हणून माझ्याकडे कडक दाखवते.

अन् मग मी तुम्हाला कामाला लावलं. राउटर अन् टीव्हीच्या मध्ये सोयाबीनची पोती रचलेली होती, भाव वाढायची वाट पाहत. मी म्हटलं, धान्य सिग्नल खाते, पोती हलवा. तुम्ही हलवली. राउटर खिडकीत ठेवा. ठेवला. परत कोनाड्यात ठेवा. ठेवला. माझ्या राउटरच्या सेटिंगच्या पानाचा फोटो नमुना म्हणून पाठवला अन् म्हटलं, सगळं पुसून पहिल्यापासून सेटिंग करा. केली, वहीत पाहून, एकट्यानं, एक पायरी चुकवली नाही.

मधूनमधून तुम्ही काहीतरी विचारायचे. "नव्या खोलीत हवा येते काय?" येते जी. "घरमालक खालीच राह्यते?" हो जी, खालीच. "मंग त्याईच्याकडं बी नेट असन?" असते ना. "अन् तुमच्या खोलीत वायर कुठून आली म्हणे?" मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला लेकीच्या घराची काळजी. मी हो-नाही करून पुन्हा पोत्यांवर यायचो.

एका रविवारी मी चिडलो. मला ते वाक्य पाठ आहे, दोन गाड्यांमध्ये तेच ऐकत आलो. मी म्हटलं, "मामाजी, हे माझं रोजचं काम आहे. विचारू नका, सांगतो तेवढं करा."

तुम्ही म्हणाले, "हो जी."

दोन रविवारांनंतर तुम्ही म्हणाले, "तुमच्या राउटरचा तो फोटो पाठवला होता ना नमुन्यासाठी, तो एकदा पुन्हा पाठवता काय? माह्या डोळ्याले नीट दिसला नाही." मी म्हटलं, पाठवतो. पाठवला नाही. बुधवारी सकाळी शीतलला मामींचा फोन आला. तुम्ही चहा घेऊन वावरात जायला निघाले होते, चप्पल घालता घालता ओट्यावर बसले, ते बसलेच.

मला काळजीची सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. खांबावर चढताना मी दोराची गाठ तीनदा पाहतो. तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मी मामींना बाजूला घेऊन विचारलंच. पोत्यांमुळं तर झालं नाही ना? मी हलवा म्हटलं होतं.

मामी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "कायचे पोते! बाजूचे दोन गडी बोलावले, त्याईनं हलवले. हे खुर्चीवर बसून सांगत होते, इकडं ठेव, तिकडं ठेव. तुमाले सांगतलं असन मीच हलवले म्हणून."

"हो जी, तसंच सांगितलं."

"जवायाच्या शब्दाले मान द्या लागते ना," मामी म्हणाल्या अन् पदर डोळ्याला लावला.

मग त्यांनी टीव्हीखालच्या खणातून ती वही काढून माझ्या हातात दिली. तुमची वही, मामाजी. तुमचं ते एकसारखं, फळ्यावरचं अक्षर. माझं सगळं सांगणं तारखेसकट लिहिलेलं. अन् दिवाळीनंतरच्या एका पानावर, भूमितीचं प्रमेय लिहितात तसं:

"पक्ष: दिवाळीपर्यंत सामना चालत होता. आपल्याकडे काही बदललेले नाही. जवाईबुवांनी खोली बदलली.

साध्य: दोष कोठे आहे ते ठरवणे.

सिद्धता: १९२.१६८ हा घरातला पत्ता असतो (जवाईबुवांनी शिकवले). त्यांनी नमुना म्हणून पाठवलेल्या फोटोत बाहेरच्या बाजूचा पत्ता १९२.१६८ नेच सुरू होतो. बाहेरचा पत्ता घरातला असू शकत नाही. म्हणून त्यांच्या राउटरच्या बाहेर आणखी एक राउटर आहे. दार उघडले तरी ते अंगणातच उघडते. पुढे फाटक बंद आहे."

खाली दोन रेघा ओढून: "दोष कोइंबतूरला."

अन् त्याखाली पेन्सिलनं, बारीक: "कसे सांगावे? जवाई आहेत. प्रश्न विचारत राहावे. त्यांचे त्यांना सापडेल."

मी ते पान पुन्हा वरून वाचलं. नव्या खोलीची हवा, खालचा घरमालक, वायर कुठून आली, सगळे प्रश्न एका ओळीत येऊन उभे राहिले. वर्गातल्या मठ्ठ पोराला फळ्यापर्यंत आणतात तसं तुम्ही मला आणत होते, अन् मी तुम्हालाच गप्प बसवलं. आपल्याकडं जवायाचा मान असा असतो, की त्याची चूक सापडली तरी सासऱ्यानं स्वतःच्या घरातली पोती हलवायची.

आता दुसरं. वहीच्या शेवटच्या पानावर नेटचं काही नव्हतं. तिथं एवढंच होतं: "दहावीसाठी १७ नंबर फॉर्म. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. गणित रविवारी घेता येईल, दहाच्या आधी. विषय आपण काढू नये. ते काढतील."

शाळेत न जाता बाहेरून दहावी देणाऱ्याचा फॉर्म तो. दहावी पास झालेल्याला तो कशाला लागेल? मी मामींकडं पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही.

"त्याईले मालूम होतं?"

"साखरपुड्याच्या आधीपासून. तुमच्या शाळेतले मास्तर त्याईच्या ओळखीचे नाहीत काय?"

"मंग पोरगी काहून देली?"

"मी बी हेच विचारलं. मले म्हणे, खोटं तो मध्यस्थ बोलला. पोट्ट्यानं मान खाली घातली. ज्याले खोटं पचत नाही त्याच्या घरी शीतल सुखी राहीन."

"मंग बारावीचं कायले विचारत होते?"

"तुमी खरं सांगसान म्हणून जी."

मामाजी, लग्नापासून सात वर्षं मी तुमच्यापासून जे लपवलं, ते तुम्ही माझ्यासाठी सात वर्षं लपवून ठेवलं. घरातल्या कोणापुढं, पाहुण्यापुढं, एका शब्दानं कळू दिलं नाही. मला वाटायचं मी तुमच्या दारात चोरून शिरलो. तुम्ही तर दार उघडून बाजूला उभे होते.

वही मी मामींना विचारून सोबत आणली. कोइंबतूरला आलो त्या रविवारी पहिलं काम केलं. घरमालकाच्या खोलीत गेलो. त्याच्या कपाटामागं त्याचा राउटर, त्यातून एक वायर भिंतीतून वर, ती वायर माझ्या राउटरच्या बाहेरच्या खाचेत. मीच लावली होती, खोली बदलली त्या दिवशी, घाईत. मोबाईलवर नेट आलं, मी हात झटकले. गिऱ्हाईकाच्या घरी असं दिसलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं अन् मनात हसलोही असतो. माझ्या राउटरचं पत्ते वाटायचं काम बंद केलं, वायर काढून आतल्या खाचेत लावली, म्हणजे तो आता नुसती वायरलेसची पुढची पायरी झाला. फाटक एकच उरलं, खालचं. घरमालकाला समजावून त्याच्या राउटरमध्ये माझ्या कन्सोलचा पत्ता राखला, दारं उघडली. चहाही नीट निवला नव्हता, काम झालं.

मामींना फोन केला. म्हटलं, कन्सोल सुरू करा, तपासणी लावा, अन् काय शब्द येतो तो टीव्हीखालच्या पट्टीशी जुळवून सांगा.

"पह्यलाच हाय जी," त्या म्हणाल्या. "खुलं."

माझ्याकडंही खुलं होतं. दोन्हीकडं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"मंग आता काय करू? खेळू काय?"

"येते तुमाले?"

"येत नाही. पण पाय कोणतं बटन हाय हे मी नाही विचारणार." अन् मग, "खेळ राहू द्या. हे कानाचं असंच लावून ठेवते. फोनपेक्षा साफ आयकू येते. बोला." आम्ही तासभर बोललो. शीतल बोलली, लेकरू बोललं. आता दर रविवारी दहाला मामी तुमच्या खुर्चीत बसतात, हेडफोन लावून. एकदाही तुटलं नाही.

अन् दहाच्या आधी मी गणित घेतो, तुमच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर. समोर कोणी नसतं, पण तुमच्या पद्धतीनं मांडतो, पक्ष, साध्य, सिद्धता. शीतल तपासते. बीएस्सीवाली बायको फार मार्क देत नाही. शाळेला दाखल्यासाठी अर्ज लिहिला, फोन नाही केला. वर विषय लिहिला, खाली महोदय लिहिलं, पोच मागितली. तिथल्या क्लार्कनं फोनवर विचारलं, इतक्या वर्षांनी कायले पाहिजे? मी म्हटलं, दहावीला बसून राह्यलो. माझा आवाज कापला नाही, मामाजी. मी स्वतः ऐकला तो.

पास होईन की नाही, ते सांगत नाही. पण दुसऱ्यांदा सांगणारा मला भेटला होता, हे मला आता पक्कं माहीत आहे, अन् तेवढ्यावर मी परीक्षेला बसणार आहे.

फक्त एक राहिलं. तुम्ही लिहून ठेवलं होतं की विषय आपण काढू नये, ते काढतील. तुम्ही खूप वाट पाहिली. उशीर माझ्याकडूनच झाला, तोही दोष कोइंबतूरचाच. तर आज मी विषय काढतो.

मामाजी, माझं शिक्षण नववी.